'सेट झालं' म्हणजे नेमकं काय झालं?

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे ४३० अर्थ आहेत. नाशकात त्यातले निम्मे तरी रोज वापरतात, आणि कुठला ते सांगत नाहीत!

निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागेत फोन जातो, "सेटिंग झालंय, डिपिंग घ्या." म्हणजे घड औषधाच्या पाण्यात बुडवा. अरे, कसलं सेटिंग? नुसते मणी धरलेत, की ३-४ मिलिमीटरचे झालेत? जीएचं (मणी फुगवणारं जिबरेलिक अ‍ॅसिड) ४० पीपीएमचं, म्हणजे दहा लाख भागांत ४० भागांचं, डिपिंग मणी ३-४ मिलिमीटरला आल्यावर. म्हणजे २५ लिटर पाण्याला १ ग्रॅम शुद्ध जीए. फुलोरा पुरता संपायच्या आत तेच घड बुडवले तर मणी गळतात, राहिलेल्यांत शॉट बेरी, म्हणजे न वाढणारे बारीक मणी, होतात. वर्षाचा माल आहे हो तो! 'मणी धरले' म्हणायला जीभ का अडते? जाडी मिलिमीटरमध्ये सांगा, छाटणीपासूनचे दिवस सांगा.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांत 'मशीन सेट आहे'. टूल (कापायचं हत्यार) बसवलंय, ऑफसेट (त्या टूलच्या मापाची दुरुस्ती) मशीनमध्ये भरलाय, की पहिला पीस मोजून पास झालाय? इन्सर्ट (टूलच्या टोकाचं बदलायचं पातं) बदलून तसंच स्टार्ट दाबलं की पीसचा व्यास चुकलाच.

सगळ्यात वाईट स्लॅबचं. "सिमेंट सेट झालं" म्हणत टेकू काढायला धावतात. सेट होणं म्हणजे फक्त घट्ट होणं, ते १० तासांच्या आतच होतं. ताकद पुढे पाणी मारून, दिवसादिवसानं येते. स्लॅबच्या साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला (दोन आधारांमधल्या अंतराला) टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४. त्याआधी हात लावू नका.