थांब्याचं घड्याळ शेवटच्या सायकलपासून लावा

पाऊस सरला की ठाण्याहून नाशिकच्या आणि तिथून पुढच्या सायकलच्या ग्रुप राइड सुरू होतात. त्यात पहिलाच दिवस सगळ्यांत जड. माजिवड्याहून नाशिक साधारण १४० किलोमीटर, आणि कसारा घाट लागतो तो ८० किलोमीटर पायात भरल्यावर. घाटात कुणी गळाला की "सराव कमी पडला" म्हणून आपण मोकळे होतो. मला हे पटत नाही. पुष्कळदा चूक थांबे आखणाऱ्यांची असते.

साधा हिशेब करा. पडघा, शहापूर, खर्डी, कसारा असे चार थांबे. पुढचे लोक प्रत्येक ठिकाणी २० मिनिटं आधी पोहोचतात. त्यांचा चहा होतो, पोहे होतात, बाटल्या भरून होतात. शेवटचा येतो, पाय टेकतो न टेकतो तोच हाक येते, "चला, सगळे आले!" त्याला ५ मिनिटं मिळाली तरी खूप. म्हणजे घाटाच्या पायथ्याला पोहोचेपर्यंत पुढच्यांची एकूण विश्रांती १०० मिनिटं आणि ज्याला तिची खरी गरज त्याची २०. तो नीट खात नाही, बाटली अर्धीच भरतो, आणि परत मागे पडू नये म्हणून निघताना जोर लावतो. त्याचे पाय कसाऱ्यात आखडतात, पण बिघडायला सुरुवात पडघ्यालाच झालेली असते.

म्हणून थांब्याची १५ मिनिटं शेवटची सायकल आल्यावर मोजायला सुरुवात करा. पुढच्यांना खोळंबायचं नसेल तर हळू चालवणाऱ्यांना पहाटे अर्धा तास आधी सोडा, स्वीपसकट, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहून शेवटच्याला सांभाळणाऱ्यासकट. अंधारात निघणार असाल तर मागचा लाल दिवा आणि रिफ्लेक्टरचं जॅकेट नसलेल्याला नाक्यावरूनच परत पाठवा. इथे भिडस्तपणा नको.

खाण्याचं गणित भुकेवर सोडू नका. भूक लागल्यावर खाल्लेलं उपयोगी पडायला वेळ लागतो, तोवर डोळ्यांपुढे अंधारी येते. तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट पोटात जायला हवं. मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात, म्हणजे तासाला एक केळं आणि वर चिक्की किंवा चार-पाच खजूर. वडापाव सकाळी ठीक, पण घाटाच्या तोंडावर तळलेलं जड पडतं. पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून जास्त. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट ७५० मिलीच्या बाटलीत ओतू नका, मिश्रण जास्त घट्ट होतं. लिटरभर पाण्यात कालवून मग बाटल्यांत भरा. दिवसभर नुसतंच पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळणं, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं, आणि अशा माणसाला आणखी पाणी पाजणं धोक्याचं. बोलणं बरळल्यासारखं वाटलं तर थेट दवाखाना.

हायवेवर २५ जणांची एकच रांग करू नका, ट्रकवाल्याला ओलांडायला जागा उरत नाही. चार-पाच जणांचे गट आणि दोन गटांत शे-दोनशे मीटर अंतर ठेवा.

पंक्चर बहुधा शोल्डरवरच, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या पट्टीवरच होतं, कारण फाटलेल्या ट्रक टायरमधल्या बारीक तारा तिथेच पडलेल्या असतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून सगळीकडे कापड फिरवा. तार आतच राहिली तर नवी ट्यूबही लगेच जाते. ट्यूबवर शेजारी शेजारी दोन चिरा दिसल्या तर हवा कमी होती असं समजा. ट्यूब प्रत्येकाने आपल्या मापाच्या दोन बाळगाव्यात. ग्रुपमध्ये चाकांची २६, २७.५, २९ आणि ७०० अशी सगळी मापं असतात, एकाची दुसऱ्याला चालेलच असं नाही. चेन जोडायच्या कडीचं, म्हणजे क्विक लिंकचंही तसंच, १० स्पीडच्या चेनची ११ स्पीडच्या चेनला बसत नाही. आणि चढावर जोर लावलेला असताना गिअर बदलू नका, चेन तिथेच तुटते. चढ सुरू होण्याआधी हलका गिअर टाका.

राहिला माघारीचा प्रश्न. या रस्त्याची मोठी सोय म्हणजे आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा ही लोकलची स्टेशनं. माणूस लोकलने घरी, सायकल टेम्पोत. हा निर्णय दमलेल्या माणसावर सोपवू नका, तो कधीच हो म्हणणार नाही. कसाऱ्याला किती वाजेपर्यंत पोहोचायचं ते आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवा, आणि शेवटचा शब्द स्वीपचा. सोबत एक जण स्टेशनपर्यंत जाऊ द्या. सायकल टेम्पोत आडवी ठेवताना डिरेलरची, म्हणजे मागच्या चाकापाशी गिअर बदलणाऱ्या भागाची बाजू वर, खाली जुनी चादर. डिरेलर खाली दबला तर तो फ्रेमला जोडणारा तुकडा, म्हणजे हँगर, वाकतो, आणि प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असल्यामुळे तो वाटेत मिळत नाही. मग माणूस रात्रभरात सावरून दुसऱ्या दिवशी यायला तयार झाला तरी सायकल उभीच राहते.