म्हणे तुमच्याकडचं फॅड!

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच गुऱ्हाळ चालू आहे: समलैंगिकता हा आजार आहे आणि चांगला डॉक्टर गाठला तर बरा होतो. मावसभावाने वर मलाच टॅग केलं, ‘हे तुमच्याकडचं फॅड.’

अरे दादा, १९५३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या आदेशाने इथे अमेरिकेत अशा माणसांना सरकारी नोकरीतून हाकलत होते. कॅलिफोर्नियात असे संबंध गुन्हा होते. कसलं फॅड? आजाराचं लेबल खरवडायला सुरुवात केली ती याच लॉस एंजेलिसमध्ये, यूसीएलए विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी. त्यांचा विद्यार्थी सॅम फ्रॉम मागे लागला होता, आमच्यासारख्यांचा अभ्यास करा. तोवरचे बहुतेक निष्कर्ष तुरुंगातल्या नाहीतर दवाखान्यातल्या माणसांवरून काढलेले. ससूनच्या वॉर्डात फिरून पुणेकरांची तब्येत ठरवावी, तसे.

हूकरबाईंनी उपचार न घेणारे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले. वय, शिक्षण, बुद्ध्यांक जुळवून. चाचण्या ब्रेंटवुडमधल्या स्वतःच्या घरी, बागेतल्या खोलीत. (४०५ हायवे तुंबला की मी त्याच भागातून आत वळतो.) रोर्शाक या मानसिक चाचणीतल्या शाईच्या डागांत कोणाला काय दिसलं, ती उत्तरं ओळख काढून तज्ज्ञांपुढे ठेवली. त्यात ब्रुनो क्लॉप्फर होते, रोर्शाकमधलं मोठं नाव. समलिंगी कोण, ते कोणालाच ओळखता आलं नाही. १९५६ मध्ये बाईंनी शिकागोत निबंध वाचला, पुढच्या वर्षी छापला. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनला आजारांच्या यादीतून ते नाव काढायला मात्र १९७३ उजाडलं.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवायचं ते ३७७ कलम इंग्रजांचं, हेही लिहिलं. असले ‘उपचार’ भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलेत, हेही. २००८ मध्ये याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी समलिंगी विवाह नाकारला होता, ते तेवढं गाळलं. दादाच्या हातात कोलीत कशाला द्या?

त्याचं उत्तर आलं, ‘तू आता तिकडचा.’

तिकडचा म्हणजे कुठला? इथल्या मराठी मंडळात आरतीनंतर हा विषय निघाला की काका-काकू दादापेक्षा कडक बोलतात. तिथे मी हूकरबाईंचं नावही काढत नाही, मोदक खात बसतो. या शहरात माझं नाव नीट उच्चारणारी तेवढीच चार घरं आहेत, आणि ती मला तोडायची नाहीत.