चार इंचांची लांबी

रविवारी सकाळी गाडी पुसायला खाली गेलो (वर्षातून दोनदाच जातो, एकदा दसऱ्याला आणि एकदा बायको चिडली की) तर डाव्या बाजूच्या मागच्या दारावर हा एवढा ओरखडा. चार इंच. आता पुण्यात गाडी चालवायची म्हणजे थोडंफार खरचटणं आलंच, त्याचं मला काही नाही, पण हे पार्किंगमध्ये झालेलं, म्हणजे घरभेद्याचं काम! तिथेच उभ्या उभ्या फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "ज्याने केलंय त्याने स्वतःहून पुढे यावे, अन्यथा सीसीटीव्ही फुटेज काढून सर्वांसमक्ष ग्रुपवर टाकण्यात यावे." चिडलो की माझं मराठी एकदम सरकारी होतं.

पुढे कोणी आलं नाही. सल्ले मात्र आले.

तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले टूथपेस्ट लावा, पांढरी हां, जेलवाली नको. बायको म्हणाली आधी नख फिरवून बघ, अडकलं तर ओरखडा खोल आहे, वरच्या पारदर्शक कोटच्या खाली गेलाय, मग पेस्ट लाव नाहीतर च्यवनप्राश. नख अडकलं. तरी मी पेस्ट लावलीच, कारण काका गॅलरीतून बघत होते. पंधरा मिनिटं जीव खाऊन घासलं. ओरखडा होता तिथेच, आता त्याच्याभोवती तळहाताएवढा मंद धुरकट डाग, आणि दाराला पुदिन्याचा वास.

मग वाटलं इन्शुरन्स कशाला भरतो आपण. एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "साहेब, पाच वर्षं क्लेम नाही तुमचा, 50 टक्के नो क्लेम बोनस आहे, तो एका झटक्यात शून्यावर येईल, वर पहिले हजार रुपये तुमच्याच खिशातून." म्हणजे इन्शुरन्स वापरला नाही तरच फायद्याचा. लग्नातल्या डिनर सेटसारखं.

शेवटी नाना पेठ गाठली, टचअप पेंट आणायला. दुकानदाराने विचारलं कलर कोड काय. मी म्हणालो सिल्व्हर. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी औषधाच्या दुकानात जाऊन "ती पांढरी गोळी द्या" म्हणालोय. मग कळलं की दाराच्या खांबावर स्टिकर असतो त्यावर कोड असतो, आठ वर्षं मी तो स्टिकर रोज बघतोय आणि मला वाटायचं टायरच्या हवेचा आहे. बाटली मिळाली, आत नेलपॉलिशसारखा ब्रश. लावला. समोरून बघितलं तर झकास, बाजूने बघितलं तर दारावर करडी जळू चिकटलेली.

आता मात्र मुकाट्याने मिस्त्रीकडे गेलो. त्याने जळूवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हे कोणी केलं?" मी म्हणालो, आधीच्या गॅरेजवाल्याने. "सिल्व्हर कधी ब्रशने मारायचा नसतो साहेब, त्यात अल्युमिनियमचा चुरा असतो, गनने मारला तर सगळा सारखा बसतो, ब्रशने कसाही आडवातिडवा पडतो, मग उजेड बदलला की रंग बदलतो." आणि मग म्हणाला, "लांबी भरावी लागेल."

"चार इंच," मी म्हणालो.

"ती लांबी नाही हो. लांबी. पुट्टी."

साडेतीन हजार म्हणाला. चार इंचांचे? तर नाही, पूर्ण दाराचे, वर पुढच्या दारावरही थोडा रंग विरत न्यावा लागणार, नाहीतर दोन दारं दोन गाड्यांची वाटतील. गाडीचे सगळे थर मिळून जेमतेम दीड केसाएवढे जाड असतात म्हणे, आणि त्यासाठी माझे साडेतीन हजार आणि तीन दिवस रिक्षा.

पण काम बघण्यासारखं होतं. वॉटर पेपर पाण्यात बुडवायचा, गोल नाही, सरळ घासायचा, मग ओल्या दारावरून तळवा फिरवायचा, आणि हे करताना मिस्त्री चक्क डोळे मिटून घेत होता. माझाही हात धरून फिरवला. मला काही लागलं नाही. त्याला लागलं, परत घासलं.

गाडी घ्यायला गेलो तेव्हा तो सहज म्हणाला, "सायकलचं काम होतं ते. ब्रेकचा दांडा वरून खाली घसरत आलेला." झालं, माझ्या डोळ्यांसमोर तळमजल्यावरची तिन्ही कार्टी उभी राहिली, घरी येईपर्यंत त्यांच्या आईबापांना काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं.

संध्याकाळी सेक्रेटरी काकांनी ऑफिसात बोलावलं, फुटेज मिळालं होतं. पडद्यावर सकाळचे सात वाजून दहा मिनिटं. एक गृहस्थ हेल्मेट, हातमोजे, पाठीला पाण्याची बाटली अशा थाटात सायकल ढकलत आणतात, गाडीशेजारच्या खांबाला टेकवतात आणि मोबाईल बघत लिफ्टकडे जातात. मग बराच वेळ काहीच नाही. मग सायकल अगदी सावकाश, जणू दमलीये, दाराच्या अंगावर कलंडते. हातातल्या कागदी पुड्यात वडापाव होता, ते मला बघायची गरज नव्हती.

काकांनी चष्मा पुसला.

"टाकू का मग ग्रुपवर? सर्वांसमक्ष?"