परदेशातून : पाटीवरची भाषा आणि लोन कार्डावरची

1 नोव्हेंबर जवळ आला की बेळगावच्या बातम्या इथे वेल्समधल्या कार्डिफमध्येही ठरलेल्या क्रमाने येतात. सीमाभाग कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा काळा दिन, फेरीला परवानगी की नाही, मग सुवर्ण विधानसौधमधलं कर्नाटकचं हिवाळी अधिवेशन आणि त्याच्या विरोधातला मराठी मेळावा. 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा सीमादावा, त्यातली 865 गावं, दुकानांच्या पाट्यांवर 60 टक्के कन्नडची सक्ती. माझी बाजू लपवायचं कारण नाही: सीमाभागातल्या मराठी माणसाला मराठीत कागद मिळाला पाहिजे. पण कोणता कागद आधी, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही.

पाटी वाचता आली नाही तरी दुकान सापडतं. लोन कार्ड, म्हणजे कर्जाच्या अटी आणि हप्त्यांच्या नोंदींचं कार्ड, वाचता आलं नाही तर हप्ता कुणाच्या नावावर जमा झाला हेही कळत नाही.

2025 च्या सुरुवातीला मायक्रोफायनान्सच्या, म्हणजे गटांतल्या बायकांना छोटी कर्जं देणाऱ्या कंपन्यांच्या, वसुलीवरून कर्नाटकात ओरड झाली. बेळगाव जिल्हाही त्यात होता. फेब्रुवारीत सरकारने वटहुकूम काढला, पुढे त्याचा कायदा झाला. जबरदस्तीच्या वसुलीला 10 वर्षांपर्यंत कैद आणि 5 लाखांपर्यंत दंड. खेड्यापाड्यांत त्याचा अर्थ ‘कर्ज माफ झालं’ असा पसरला, आणि गोंधळ तिथेच झाला. माफी आहे ती नोंदणी नसलेल्या, परवाना नसलेल्या सावकाराच्या कर्जाला, तीही दुर्बल घटकांसाठी. रिझर्व्ह बँकेकडे नोंद असलेल्या कंपनीचं कर्ज जसंच्या तसं उभं आहे. हप्ते थांबवणाऱ्या बाईचं नाव सिबिलला, म्हणजे कोण कर्ज फेडतं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेला, जातं आणि पुढे बँकेचं दारही बंद होतं. म्हणून पहिला प्रश्न एकच: पैसे दिले कोणी? कार्डावर कंपनीचं पूर्ण नाव असतं. रिझर्व्ह बँकेच्या यादीत ते आहे का ते मोबाइलवर पाहता येतं.

आता भाषेचा मुद्दा. रिझर्व्ह बँकेचे मायक्रोफायनान्सचे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. त्यांत लिहिलंय की करारनामा कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवा, आणि लोन कार्डावरच्या नोंदीही तशाच. खानापूरच्या गावातली मराठी बाई हे आज मागू शकते. त्यासाठी सीमाप्रश्न सुटायची वाट बघायला नको. मोर्चात ही मागणी ऐकू येत नाही, याचं मला नवल वाटतं.

त्याच नियमांत अजून काय आहे ते गटातल्या बायकांना कोणी सांगत नाही. कर्जाला तारण मागता येत नाही. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन नाही. हप्ता ठरलेल्या ठिकाणी घ्यायचा. लागोपाठ दोनदा बाई तिथे आली नाही तरच घरी यायचं. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत.

हिशेब मांडून पाहू. 40,000 चं कर्ज, फी आणि विमा मिळून 1,000 कापले, हातात 39,000. महिना 2,100 प्रमाणे 24 हप्ते, म्हणजे 50,400. तोंडी सांगतात ‘13 टक्के’, तेही पूर्ण 40,000 वर दोन्ही वर्षं धरून. घटत्या शिलकीवर (दर महिन्याला जेवढं फेडायचं उरलं तेवढ्यावरच), हातात आलेल्या रकमेवर मोजलं तर तो दर 26 च्या आसपास निघतो. घरात महिन्याला 12,000 येत असतील तर हप्त्यांची मर्यादा 6,000. असे दोन हप्ते 4,200 होतात, तिसऱ्याने 6,300. म्हणजे तिसरं कर्ज देणाऱ्यानेच नियम मोडला. तक्रार त्याच्याविरुद्ध, तारखेनिशी.

सल्ला देणाऱ्याचं काम अशा हिशेबात असतं. कोर्ट पुष्कळ पुढे. प्लॅस्टिकच्या पिशवीतून आधार, पासबुक, तीन कार्डं, विम्याची पावती, कोणीतरी फाडून दिलेला चतकोर कागद असं सगळं बाहेर येतं. ते तारखेने लावायचं. ‘नाव माझं, पैसे तिनं नेले’ हा प्रकार असेल तर तो तिथेच वेगळा काढायचा, कारण कंपनीच्या लेखी कर्जदार जिची सही तीच. पैसे नेणारीविरुद्ध फसवणुकीची फिर्याद स्वतंत्र करावी लागते. मग कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी अर्ज. त्याचं नाव आणि फोन कार्डावरच असतात. अर्जात कर्ज खाते क्रमांक हवाच, पोच हवी. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, माहितीसाठी 14448. पहिली पायरी गाळली तर तक्रार पडते. सेंटर मीटिंगला, म्हणजे गटाच्या हप्त्याच्या बैठकीत, मॅनेजरशी भांडण झालं ही तक्रार नव्हे.

कार्डिफला दिसतं ते हेच काम, फक्त सल्ल्याचं टेबल कायम असतं. मोफत सल्ला देणारी सिटिझन्स ॲडव्हाइसची केंद्रं 1939 पासून आहेत. कर्जात बुडालेल्या माणसाचे सगळे सावकार आणि सगळी मिळकत आधी एका कागदावर येते. 2021 पासून इंग्लंड-वेल्समध्ये सल्लागारामार्फत अर्ज केला की 60 दिवस वसुली थांबते, व्याजही बहुधा गोठतं. असा श्वास घ्यायला वेळ कर्नाटकच्या कायद्यात नाही, आणि तो मागण्यासारखा आहे.

भाषेचं म्हणाल तर वेल्समधल्या कोर्टात वेल्श बोलायचा हक्क आहे, उत्तम इंग्रजी येत असलं तरी. तो एका उडीत आला नाही: 1942 मध्ये ‘इंग्रजीमुळे अडचण होत असेल तर’ या अटीवर, 1967 मध्ये ती अट गेली, 1993 मध्ये आणखी पक्का झाला. पण खटल्याचं अपील लंडनमध्ये चाललं की तो हक्क संपतो. माणूस तोच, जीभ तीच, हद्द वेगळी. बेळगावकराला हे समजावून सांगायला नको.

तरी इथलं सगळं सोन्याचं नाही. 2013 च्या कपातीनंतर बहुतेक कर्जप्रकरणांत सरकारी खर्चाने वकील मिळणं बंद झालं. आपल्याकडे 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12 कोणत्याही स्त्रीला मोफत वकील देतं, उत्पन्न कितीही असो. तालुका कोर्टाच्या आवारात विधी सेवा समिती असते, फोन 15100. खिडकीवर उत्पन्नाचा दाखला मागितला तर कलम दाखवायचं. दाखल्यापायी नाडकचेरीच्या (तिथल्या महसूल कार्यालयाच्या) दोन खेपा आणि दोन दिवसांची मजुरी जाते. लोकअदालतीत तडजोड होत असेल तर आकडा मोठ्याने वाचून घ्यायचा आणि मगच सही. त्या निवाड्यावर अपील नसतं.

घटनेच्या कलम 350 प्रमाणे मराठीतला अर्ज कोणत्याही कचेरीला देता येतो. उत्तर मराठीतच यावं असं मात्र ते कलम म्हणत नाही. त्यामुळे वर मराठी अर्ज, खाली पाच ओळींचा कन्नड सारांश. आपल्यातल्या काहींना हे कमीपणाचं वाटेल. मला वाटत नाही. कन्नड अभिमान्यांनीही मराठी लोन कार्डाला घाबरायचं कारण नाही. त्याने एकाही पाटीवरचं कन्नड पुसलं जात नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी, बसस्टँडजवळ, सल्ल्याचं एक टेबल मांडायचं. दोन माणसं, त्यातलं एक कन्नड वाचणारं. कॅल्क्युलेटर, कार्बनची वही, झेरॉक्सला सुटे पैसे. वडगावच्या मागवाल्यापासून निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईपर्यंत पिशवीतले कागद थोडेफार सारखेच निघतील. मेळाव्याच्या मांडवाचं भाडं एका वर्षी वाचवलं तरी या टेबलाचा बराच खर्च निघेल, आणि मांडव घातलाच तर त्याच्या एका कोपऱ्यातही ते मावेल.