प्लंजर दिसला की हसावे

जुनी, काळी-पांढरी विज्ञानमालिका दुसऱ्याच्या घरी बसून, दुसऱ्याची भजी खात बघण्याचा योग आला तर आपले मत कसे द्यावे, याबद्दल थोडे मार्गदर्शन करावे म्हणतो. अनुभव ताजा आहे. गेल्या रविवारी पाऊस थांबायचे नाव घेत नव्हता, म्हणून फोंड्याजवळच्या आमच्या घरी सालात, म्हणजे दिवाणखान्यात, भिंतीवर पांढरी चादर ताणली, भाच्याचा प्रोजेक्टर आणला आणि निळ्या पेटीत बसून काळातून फिरणाऱ्या डॉक्टरच्या, बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या अगदी सुरुवातीच्या दोन कथांचे पहिले भाग लावले. साल १९६३. एकेक भाग पंचवीस मिनिटांचा. बघायला अकरा माणसे होती. मते निघाली चाळीसेक, त्यातली तीस मालिका सुरू होण्याआधी.

तेव्हा पहिली सूचना हीच. मत आधी द्या, बघायचे ते मग बघा. “ब्लॅक अँड व्हाइट?” एवढे दोन शब्द नेमक्या सुरात म्हणता आले की झाले. सूर अवघड नाही. सोमवारी ताटात मासे नाहीत हे बघून आपण लावतो तोच.

फोन खाली ठेवू नका. चित्र अंधारे आहे अशी तक्रार करताना तर तो तोंडासमोर पेटलेलाच हवा.

शीर्षकसंगीत सुरू झाले की “हे आता एआय दोन मिनिटांत करील” असे म्हणायचे. डेलिया डर्बिशर नावाच्या बाईने ते तयार करताना एकेक स्वर वेगळा टेपवर घेतला, टेपचा वेग कमी-जास्त करून तो हव्या त्या पट्टीत आणला, मग टेपचे तुकडे कापून, चिकटवून चाल उभी केली, हे कोणी सांगू लागले तर भज्याचे ताट त्याच्याकडे सरकवा, म्हणजे त्याचे तोंड बंद होईल. ती निळी पेटी काळातून निघते तेव्हाचा घरघरता आवाज ब्रायन हॉजसन यांनी पियानोच्या तारेवर घराची किल्ली खरवडून काढला, हे मी मोठ्या कौतुकाने सांगितले. आमचे शेजारी म्हणाले, “मग मिक्सर लावला असता तरी चाललं असतं.” हे वाक्य पाठ करून ठेवा. मारव्याच्या आलापीपासून मंगळयानापर्यंत कशालाही लागू पडते.

दिग्दर्शकाचे नाव ऐकू येईपर्यंत पहिला भाग टुकार ठरवून ठेवा. वारिस हुसेन, जन्म लखनौचा, असे कळताच “तरीच म्हटलं!” म्हणा.

“पूर्वीच्या लोकांना काय, काहीही चालायचं,” हे तर यायलाच हवे. त्या लोकांनी पहिला भाग पुरा चित्रित करून मग अख्खा पुन्हा केला, कारण सिडनी न्यूमन या वरच्या साहेबांना तो पसंत पडला नाही. दुसऱ्या कथेचा पहिला भागही पुन्हा केला, कारण तंत्रज्ञांना कानात दिलेल्या सूचना ध्वनिमुद्रणात उतरल्या होत्या. २३ नोव्हेंबर १९६३ ला पहिला भाग लागला तो केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी. म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला परत दाखवला. त्या सुमारास आपल्याकडे गोव्याच्या पहिल्या विधानसभा निवडणुकीची धामधूम होती आणि टीव्ही ही वस्तू आमच्या गावात कोणी पाहिलीही नव्हती. पण तिकडे तेव्हा काय चालायचे नि काय नाही, हे आम्हाला पक्के ठाऊक.

आता मुख्य धडा. दुसऱ्या कथेत बार्बरा नावाची शिक्षिका एका मेलेल्या शहरात एकटी सापडते. चकचकीत बोळ, मागून आपोआप मिटणारी दारे. ती भिंती चाचपत पुढे जाते, वळते, आणि काहीतरी तिच्या अंगावर येऊ लागते. काय येते ते दिसत नाही. पडद्यावर फक्त त्याचा पुढे आलेला हात, आणि समोर भिंतीला पाठ टेकून किंचाळणारी ती बाई. भाग संपला. हा डॅलेक, म्हणजे यंत्राच्या कवचात बसलेला या कथेतला शत्रू, कसा दिसतो हे कळायला प्रेक्षकांना आठवडाभर थांबावे लागले.

आमच्या सालात काय झाले? आमचा आतेभाऊ उठून उभा राहिला, चादरीवर त्याची सावली पडली, आणि ओरडला, “अरे, हा तर मोरी साफ करायचा रबर!”

भज्याचे ताट उलटले इतके हसले सगळे.

तेव्हा वस्तू ओळखू आली की लगेच ओरडावे. रबर ओळखला म्हणजे मालिका समजली. हो, आहे तो प्लंजर! मी कुठे नाही म्हणतोय? रेमंड कुसिक यांनी ते यंत्र आखले, आत एक माणूस बसायचा आणि पायांनी ते ढकलायचा. सैन्य कमी पडले म्हणून मागे डॅलेकचे मोठे केलेले फोटो उभे केले होते. हे सगळे मला ठाऊक आहे, आणि तरीही त्या किंकाळीला माझ्या अंगावर काटा येतो.

आणि हसतोय कोण? जत्रेच्या नाटकात ज्याने संभाजी केला तो आतेभाऊच! तलवार प्लास्टिकची. दुसऱ्याच प्रवेशात वाकली, ती गुडघ्यावर दाबून सरळ केली. दरबाराच्या पडद्याऐवजी बागेचा पडदा सुटला, मोर आणि कारंजे, आणि औरंगजेब त्या कारंज्यासमोर उभा राहून दरडावत होता. प्रॉम्प्टरचा आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत स्वच्छ. हसलो का आम्ही? पहाटे चारपर्यंत थंडीत चादरी गुंडाळून बसलो होतो. शेवटच्या प्रवेशात तुझी आई पदराने डोळे पुसत होती. दशावतारी काल्याला एकच बाकडे तेच सिंहासन, तेच झोपायचा पलंग. काळ्या कापडाचा संकासुर येतो, विष्णू येतो तो पुठ्ठ्याच्या मुकुटात. त्या विष्णूची मिशी सकाळी पाव घ्यायला भेटलेल्या माणसाचीच आहे हे दिसत असूनही आपण हात जोडतो. जोडायलाच हवेत. मग पुठ्ठा देवळापुढे चालतो आणि बीबीसीच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओत चालत नाही, हा कुठला न्याय?

संवाद चुकला की टाळी मागा. डॉक्टर झालेले विल्यम हार्टनेल याच कथेत औषध म्हणायच्या जागी हातमोजे म्हणतात आणि सावरून घेतात. भाचा म्हणाला, “एडिट नाही करता येत?” बाबा रे, दिवसभर तालीम आणि संध्याकाळी जवळपास सलग चित्रण. टेप कापणे महाग, आणि कापलेली टेप पुन्हा वापरता येत नाही. तुझ्या रीलला सोळा टेक लागतात, तेही दात घासण्याच्या.

आणि शेवटी “असलं जुनं जपून करायचं काय?” हे विचारायला विसरू नका. बीबीसीतल्या लोकांनीही हेच विचारले आणि टेपा पुसल्या. जे वाचले त्यातले बरेचसे परदेशी विकायला काढलेल्या १६ मिलिमीटर फिल्मवर. २०१३ मध्ये हरवलेले नऊ भाग नायजेरियातून परत मिळाले तेव्हा ती बातमी झाली. आपल्याकडे पुसायला माणूस ठेवावा लागत नाही, बुरशी ते काम फुकट करते. आतेभावा, त्या संभाजीची कॅसेट कपाटात आहे ना तुझ्या? लावून बघ एकदा, मुंग्यांशिवाय काय दिसते ते.

आता सरळच बोलतो. तुम्हाला मालिका आवडली नाही, ठीक. कंटाळवाणी आहे म्हणा. पहिल्या कथेतले गुहेतले भाग मलाही लांबलेले वाटतात, म्हणूनच मी तुम्हाला ते दाखवले नाहीत. पण ते म्हणायला आधी बघावे लागते! तुम्ही पन्नास मिनिटेसुद्धा बसला नाहीत. चादरीकडे कमी आणि एकमेकांकडे जास्त बघत होता, आता कोण जास्त चांगला टोमणा मारतो म्हणून. स्वतःला हुशार समजता? घरातला प्लंजर ओळखायला कसली आलीय हुशारी?

माझी मावशी कोपऱ्यात बसून उकडलेल्या आठळ्या सोलत होती. वय ब्याऐंशी, इंग्रजी एक अक्षर येत नाही. तुमच्या त्या हसण्यात तिने दोनदा विचारले, “आत माणूस बसलाय तर त्याला उकडत नाही?” कोणी ऐकलेही नाही. तुम्ही सगळे बजेटवर बोलत होता.

उकडते, मावशी. तुम्ही गेल्यावर मी तिला सांगितले. मग तिने डॅलेकच्या कथेचा दुसरा भाग लावायला लावला, तिसराही लावला, आणि तो अर्ध्यावर असताना लाईट गेली.

साडेचार भाग उरलेत. ते शनिवारी लावणार आहोत, आणि तुम्हाला बोलावणे नाही.