‘सरोवरच तर आहे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मोठ्या सरोवरांवरच्या जहाजदुर्घटनांविषयीच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि स्पष्ट लिहिलंत, म्हणून मीही हातचं काही न राखता लिहिते. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश आधी देते. तुमचे आक्षेप तीन. सरोवराला चारी बाजूंनी जमीन असते, तेव्हा तिथल्या अपघातांना महासागरातल्या दुर्घटनांच्या पंगतीला बसवणं म्हणजे राईचा पर्वत करणं. दुसरं, वादळ हा निसर्गाचा कोप आहे; मी त्याचं खापर जहाजमालकांवर आणि नियम करणाऱ्यांवर फोडते, ही पश्चातबुद्धी. तिसरं, लेक सुपीरियरमध्ये बुडालेल्या ‘एडमंड फिट्झजेराल्ड’सारख्या अमेरिकी मालवाहू जहाजाशेजारी मी आफ्रिकेतल्या खचाखच भरलेल्या फेरीबोटी आणून ठेवल्या, ज्यांचा तिच्याशी काडीचा संबंध नाही. आणि शेवटी तुम्ही विचारलंत, मग सरोवरांत जहाजं चालवायचीच नाहीत का?

तुमच्या प्रतिक्रियेत एक वाक्य आहे : ‘शेवटी ते सरोवरच तर आहे.’ माझा सगळा वाद या एका वाक्याशी आहे. गेल्या तीनशे वर्षांत या समजुतीपायी जेवढी माणसं बुडाली, तेवढी केवळ वाऱ्यामुळे बुडाली नसावीत, असं मला हा विषय वाचताना सतत वाटत आलं आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. उत्तर अमेरिकेतल्या ‘ग्रेट लेक्स’ या पाच महासरोवरांपैकी लेक सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, सर्वांत खोल जागी खोली ४०६ मीटर. पण नुसत्या आकाराचा मुद्दा मी फार ताणणार नाही. महासागरात लाटा याहून उंच उठतात, हे खरंच आहे. फरक लाटेच्या ठेवणीत आहे. समुद्रातली मोठी लाट बहुधा लांबलचक असते. मोठं जहाज तिच्यावर चढतं आणि पलीकडे उतरतं. सरोवरात वाऱ्याला धावायला काही शे किलोमीटरच मिळतात. लाटा तेवढ्या लांब होत नाहीत, पण उभ्या चढतात आणि एकीच्या पाठीला लागून दुसरी येते. पहिलीचं पाणी डेकवरून निथळायच्या आत दुसरी अंगावर. त्यात ग्रेट लेक्सवरची मालवाहू जहाजं लॉकगेटांतून, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या अरुंद दरवाजांतून, जावी लागतात म्हणून लांब आणि अरुंद बांधलेली. खवळलेल्या पाण्यात ती डोळ्यांना दिसेल इतकी वाकतात.

आणि ज्या जमिनीचा तुम्ही आधार म्हणून उल्लेख केलात, तीच वादळात वैरी होते. खुल्या समुद्रात कप्तान वादळासमोर जहाज तासन्‌तास, प्रसंगी दिवसभर वाहू देऊ शकतो. सरोवरात तेवढी मोकळीक नसते. थोड्याच तासांत पुढे खडक, उथळ पाणी किंवा किनारा येतो.

हे रशियात तीनशे वर्षांपूर्वी कळलं होतं. व्होल्खोव्ह नदीतून नेव्हा नदीकडे, म्हणजे सेंट पीटर्सबर्गला जाणारा माल लाडोगा सरोवराच्या दक्षिण भागातून न्यावा लागे आणि तिथे इतक्या नावा जात की पीटर द ग्रेटने १७१९ मध्ये सरोवराच्या काठाकाठाने वेगळा कालवा खणायला घेतला. लांबी ११७ किलोमीटर. तो १७३१ मध्ये पुरा झाला, तोवर खुद्द पीटर जाऊन सहा वर्षं झाली होती. सरोवर समोर पसरलेलं असताना शेजारी शंभर किलोमीटरहून लांब कालवा खणायची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना ‘सरोवरच तर आहे’ म्हणणं परवडणारं नव्हतं. त्याच लाडोगावर सप्टेंबर १९४१ मध्ये, लेनिनग्राडला (म्हणजे सेंट पीटर्सबर्गलाच) वेढा पडलेला असताना, माणसांनी भरलेला एक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मोठी नाव, वादळात फुटला आणि हजारावर माणसं गेली.

आता खापर फोडण्याविषयी. तुम्ही म्हणता, वादळाला कोण काय करणार. वादळाला कोणी काही करू शकत नाही, पण त्या वादळात जहाज का होतं, किती भरलेलं होतं आणि कोणत्या अवस्थेत होतं, हे माणसंच ठरवतात. ७ ते १० नोव्हेंबर १९१३ या चार दिवसांत ग्रेट लेक्सवर १२ जहाजं बुडाली, अडीचशेहून अधिक माणसं मेली. एकट्या लेक ह्युरॉनमध्ये ८ जहाजं गेली. ‘जेम्स कॅरदर्स’ हे जहाज त्याच वर्षीच्या मे महिन्यात पाण्यात उतरवलेलं होतं, कोरं करकरीत. ते सगळ्या खलाशांसह नाहीसं झालं. ‘चार्ल्स एस. प्राइस’ पालथं होऊन तरंगत राहिलं आणि पाणबुड्याने खाली जाऊन नाव वाचेपर्यंत हे कोणाचं जहाज आहे, ते काठावर कोणाला कळेना. हवामान खात्याचे धोक्याचे इशारे ७ तारखेलाच लागले होते. मध्ये वारा जरा पडला आणि पुष्कळ कप्तान निघाले, कारण नोव्हेंबर म्हणजे हंगामाचा शेवट. बर्फ धरलं की वाहतूक बंद. शेवटच्या एका खेपेचे पैसे सगळ्यांनाच हवे असतात आणि कप्तानाला पुढच्या हंगामात नोकरीही हवी असते.

‘डॅनियल जे. मॉरेल’ची गोष्ट लेखात मी दोन ओळींत उरकली होती, ती इथे नीट सांगते. १९०६ साली बांधलेलं हे जहाज, वय ६० वर्षं, जुन्या काळचं, थंडीत ठिसूळ होणारं पोलाद. २९ नोव्हेंबर १९६६ च्या पहाटे लेक ह्युरॉनवर ते मध्यावर मोडलं. पुढच्या भागातली वीज गेली, त्यामुळे मदतीचा संदेश गेलाच नाही. पुढच्या भागातले लोक तराफ्यापाशी जमले, आणि त्यांच्या समोरून जहाजाचा मागचा अर्धा भाग, दिवे लागलेले, इंजिन चालू, स्वतःच्या जोरावर अंधारात निघून गेला. तराफ्यावर चौघं होते. तिघं गारठून मेले. डेनिस हेल नावाचा एक खलाशी अंतर्वस्त्र, लोकरी कोट आणि लाइफ जॅकेट एवढ्यावर ३८ तास तगला. २९ माणसांपैकी तो एकटा वाचला. जहाज नाहीसं झाल्याची खबर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कोणी दिलीच नव्हती. त्याच वादळात सापडलेल्या ‘एडवर्ड वाय. टाउनसेंड’ या तशाच जहाजाच्या डेकलाही भेग पडलेली आढळली. एकाच रात्री एकसारख्या दोन जहाजांचं पोलाद हार खातं, त्याला मी निसर्गाचा कोप म्हणू?

फिट्झजेराल्डचं तुम्ही म्हणता ते खरं, कारणावर आजही एकमत नाही. १० नोव्हेंबर १९७५ ला, सुमारे २६,००० टन लोहखनिजाच्या गोळ्या घेऊन निघालेलं ७२९ फुटांचं जहाज २९ जणांसह बुडालं. तटरक्षक दलाच्या चौकशीने बोट ठेवलं ते माल भरायच्या तोंडांवरच्या झाकणांवर, की ती नीट बसवलेली नव्हती आणि पाणी आत शिरत राहिलं. जहाजमालकांच्या संघटनेने हे नाकारलं. त्यांच्या मते जहाज कॅरिबू बेटाजवळच्या उथळ भागावर घासलं. मी यात निवाडा देत नाही. पण झाकणांचा हिशेब बघा. झाकणं २१, प्रत्येकाला आवळायचे क्लॅम्प ६८, म्हणजे एकूण १,४२८. थंडीवाऱ्यात, उडत्या पाण्यात ते एकेक आवळायचे किंवा तपासायचे. दोन्ही बाजूंना मान्य असलेल्या गोष्टीही कमी नाहीत. पाण्यापासून डेकची हिवाळ्यातली किमान उंची, जिला फ्रीबोर्ड म्हणतात, ती जहाज बांधलं तेव्हाच्या मानाने नियम सैल करत करत १९७३ पर्यंत ३ फुटांहून अधिक कमी करून दिलेली होती. तेवढा जास्त माल, तेवढा डेक पाण्याला जवळ. खोली मोजायचं यंत्र जहाजावर नव्हतं. दोन्ही रडार बंद पडले, आणि किनाऱ्यावरच्या व्हाइटफिश पॉइंट दीपस्तंभाचा दिवा व रेडिओ संकेत त्याच संध्याकाळी बंद होते. मागून येणाऱ्या ‘आर्थर एम. अँडरसन’ने संध्याकाळी सातच्या सुमारास विचारपूस केली, तेव्हा कप्तान मॅकसॉर्लीचं उत्तर आलं : आम्ही टिकून आहोत. त्यानंतर काही नाही.

तीन फूट फ्रीबोर्ड कमी करताना कागदावर सही करणाऱ्याला काय वाटलं असेल? मला वाटतं, तुमचंच वाक्य. सरोवरच तर आहे.

तिसऱ्या आक्षेपाने मात्र मला दुखावलं, हे सांगायला हवं. ‘आफ्रिकेतल्या खचाखच भरलेल्या बोटी’ असं तुम्ही लिहिलंत, जणू ते तिथल्या लोकांच्या स्वभावात आहे. २४ जुलै १९१५ ला शिकागोत ‘ईस्टलँड’ हे प्रवासी जहाज धक्क्याला बांधलेलं असतानाच आडवं झालं आणि ८४४ माणसं गेली. कंपनीच्या सहलीला निघालेली कामगार कुटुंबं, जहाजावर अडीच हजारांच्या आसपास माणसं. वादळ नाही, लाट नाही, खाली पाणी जेमतेम २० फूट. जहाज आधीच डोईजड होतं. त्यावर टायटॅनिकनंतरच्या कायद्यामुळे आणखी लाइफबोटी आणि तराफे चढवले होते. वाचवण्यासाठी आणलेल्या वजनाने ते आणखी डोईजड झालं. हे सगळं अमेरिकेत घडलं, आणि फार जुनं नाही.

आता ‘न्येरेरे’ ही फेरीबोट. २० सप्टेंबर २०१८, टांझानिया, लेक व्हिक्टोरिया. उकेरेवे बेटावरच्या बुगोलोराहून, बाजार करून लोक उकारा बेटाकडे परतत होते. परवाना १०१ जणांचा. धक्का सुमारे ५० मीटरवर असताना उतरण्याच्या घाईत लोक एका बाजूला सरकले आणि फेरी उलटली. २२८ मृतदेह मिळाले. एक इंजिनिअर उलट्या जहाजात अडकलेल्या हवेवर दोन दिवस जगला आणि जिवंत बाहेर निघाला. बोटीवर नेमके किती जण होते हे सांगणं कठीण झालं, कारण तिकिटं देणारा माणूसही मेला आणि तिकिटांचं यंत्रही पाण्यात गेलं.

त्याआधी २१ मे १९९६ ला याच सरोवरात, म्वान्झाजवळ, ‘बुकोबा’ बुडाली. परवाना ४३० प्रवाशांचा, मृत ८०० हून अधिक. वरच्या वर्गांच्या प्रवाशांची यादी होती, तिसऱ्या वर्गाची नव्हती. पालथ्या पडलेल्या जहाजातून आवाज येत होते, म्हणून वाचवायला गेलेल्यांनी तळाला भोक पाडलं. आत कोंडलेली हवा त्यातून सुटली आणि जहाज खाली गेलं. त्या लोकांना मी दोष देत नाही. उलट्या जहाजातून माणसं कशी काढायची, हे शिकवलेलं पथक त्या काठावर असायला हवं होतं.

इंडोनेशियात तोबा सरोवरावर १८ जून २०१८ ला ‘सिनार बांगुन’ बुडाली, तिथेही प्रवाशांची यादी नव्हती. बेपत्ता किती, हा आकडा धक्क्यावर जमलेल्या नातेवाइकांनी नावं सांगितली तसतसा वाढत गेला आणि दीडशेच्या पुढे गेला. बोट सुमारे ४५० मीटर खोलीवर सापडली आणि तिथेच राहिली.

फिट्झजेराल्डच्या २९ जणांची नावं जगाला ठाऊक आहेत, त्यांच्यासाठी दर नोव्हेंबरात घंटा वाजते, आणि ते योग्यच आहे. ‘बुकोबा’वरच्या तिसऱ्या वर्गाच्या उतारूंची नावंसुद्धा लिहून घ्यायची गरज कोणाला वाटली नाही. ही दोन्ही जहाजं एका लेखात आणायचा माझा आग्रह आहे तो यासाठी. फ्रीबोर्ड कमी करणं आणि १०१ च्या जागी त्याच्या दुपटीहून जास्त माणसं घेणं, दोन्हींच्या मुळाशी एकच हिशेब आहे : काठ दिसतोय, एवढं काय होणार.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. जहाजं चालवायची, अर्थातच. लोकांना बेटांवर राहायचं आहे, बाजाराला जायचं आहे. १९७५ नंतर ग्रेट लेक्सवर थंड पाण्यात तगवणारे पोशाख सक्तीचे झाले, खोलीमापक आले, हवामानाचे अंदाज सुधारले, आणि कप्तान नोव्हेंबरातल्या वादळात नांगर टाकून थांबू लागले. फिट्झजेराल्डनंतर तिथे एकही मोठं मालवाहू जहाज बुडालेलं नाही. सुपीरियर तेच आहे, तिथला नोव्हेंबरही तसाच आहे.

व्हिक्टोरियावर अडचण वेगळी. तिथे मोठी वादळं बहुतेक रात्री उठतात. जमीन थंडावते, पाणी ऊबदार राहतं, चहूकडच्या काठांवरून वारे आत येऊन मध्यावर भिडतात आणि ढग चढतात. आणि डागा नावाची बारीक मासळी धरणारे कोळी दिवे लावून रात्रीच पाण्यात जातात. जागतिक हवामान संघटनेने काठावरच्या देशांबरोबर या सरोवरासाठी खास अंदाज सुरू केले, रेडिओवरून लोकांच्या भाषेत ते पोचवायला सुरुवात झाली. असं काम कोणी हाती घेतं, ते सरोवराला गंभीरपणे घेतल्यावरच.

पुढचा भाग आफ्रिकेतल्याच किवू सरोवरावर लिहिते आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला काँगोतल्या मिनोव्हाहून गोमाकडे आलेली बोट बंदरासमोर, काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत उलटली. लढाईमुळे रस्ता तुटला होता, म्हणून एरवी गाडीने जाणारी माणसंही त्या बोटीत होती. त्या लेखावरही तुमचे आक्षेप असतील तर जरूर लिहा.