खायचं की लावायचं?

सील काकांनी तोडलं. हे आधीच लिहून ठेवते, कारण आमच्या घरात कुठलीही भानगड दोन दिवसांत माझ्या नावावर चढते. "पण तू बाटली त्यांच्या हातात दिलीस कशाला?" असं नवऱ्याने काल जेवताना विचारलंच. मी दिली नाही. त्यांनी काउंटरवरून उचलली. आमचं नातं काय, ओळख काय, तर रांगेत ते माझ्या मागे उभे होते.

अ‍ॅव्होकाडोचं तेल आणायचं खूळ लेकीचं. फोडणीलाही तेच, कोपरांनाही तेच, एकच बाटली, आई, किती सोपं! माझे कोपर थंडीत फार खरखरीत होतात. मुंबईत थंडी म्हणजे जानेवारीत पंखा तीनवरून दोनवर येतो ते दिवस, पण तेवढ्यातही त्वचा उलते. म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी, म्हणजे अख्खं गोरेगाव पगार घेऊन रस्त्यावर उतरतं त्या मुहूर्तावर, मी एका मोठ्या दुकानात गेले. दुकानाचं नाव घेत नाही.

रांगेत अर्धा तास गेला. माझा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने बाटली मशीनसमोर धरली, स्क्रीनकडे पाहिलं आणि माझ्यामागच्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मॅडम, खायचं की लावायचं?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही होत."

तिच्या कॉम्प्युटरमध्ये ते तेल दोन ठिकाणी नोंदलेलं होतं. एकदा किराण्यात, एकदा सौंदर्यप्रसाधनांत. लावायच्या तेलावर सूट होती, खायच्या तेलावर नव्हती. बाटली तीच.

हसू नका. हा प्रश्न आपल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलेला आहे. अ‍ॅव्होकाडोचा नव्हे, खोबरेलाचा. छोट्या बाटलीतलं खोबरेल तेल खाद्यतेल धरायचं की केसांचं तेल, यावर कर ठरायचा. २०२५ पर्यंत जीएसटीत खाद्यतेलाला ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८, एवढा फरक होता. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींचं त्यावर एकमत झालं नाही. मग तीन न्यायमूर्तींसमोर प्रकरण गेलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला की खाद्यतेल म्हणून विकलेलं शुद्ध खोबरेल बाटली लहान आहे म्हणून केसांचं तेल ठरत नाही. आमच्या शेजारच्या केरळी काकू त्यात केळ्याचे वेफर्स तळतात आणि आम्ही तेच डोक्याला चोपडतो, हे सांगायला मला कुणी दिल्लीला बोलावलं असतं तर मी पाच मिनिटांत प्रकरण मिटवलं असतं. पण इथे न्यायमूर्ती नव्हते. इथे काका होते.

पंचाहत्तरीचे असावेत. हाफ पँट, खिशाला दोन पेनं, एका हातात फिनेलची बाटली, दुसऱ्या हातात ब्रेड. मुलीने सुपरवायझरला हाक मारली, तो यायला वेळ लागला, तेवढ्यात काकांनी फिनेल काखेत धरलं आणि माझी बाटली उचलली.

"बघू."

चष्मा कपाळावर चढवून त्यांनी बाटली ट्यूबलाइटच्या उजेडात धरली. "दिसतंय का काही? नाहीच दिसणार. काळी काच. मुद्दाम."

"उजेडाने तेल खराब होतं ना, म्हणून..." मी म्हणाले.

"असं ते सांगतात." मग लेबल मोठ्याने वाचायला घेतलं. "रिफाइंड. स्मोक पॉइंट २७० अंश." ते माझ्याकडे वळले. "काय तळता तुम्ही २७० अंशांवर?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. बटाटेवडे १७०-१८० ला होतात. साधं रिफाइंड शेंगदाणा तेलही २३० च्या आसपास धुरायला लागतं. त्याच्या वर माझी कढई जायची वेळ आली तर अग्निशमन दलच येईल. तरीही एका अनोळखी माणसाने भर रांगेत माझ्या कढईची चौकशी करावी, हे मला आवडलं नाही.

"तेलाच्या कारखान्यात हयात गेली माझी," काका रांगेला उद्देशून म्हणाले. "लॅबमध्ये. टँकर आला की पहिला वास मी घ्यायचो, मशीन नंतर." आणि कट्ट आवाज झाला. मी "अहो!" म्हणेपर्यंत झाकण त्यांच्या हातात होतं आणि तेलाचे चार थेंब त्यांच्या डाव्या मनगटावर. त्यांनी ते चोळले. डोळे मिटले. नाक मनगटाला लावलं. मला वाटतं त्या क्षणी दुकानातलं गाणंसुद्धा थांबलं असावं.

"सोया," काका म्हणाले.

रांगेत कुजबुज झाली. काकांनी हात मागच्या बाईंपुढे केला. "तुम्ही बघा. मी सांगतो म्हणून नको."

बाईंनी कडेवरचं मूल दुसऱ्या बाजूला घेतलं आणि खरोखर वाकून वास घेतला. "फिनेल," त्या म्हणाल्या.

"ते काखेतलं. त्याच्या खालचा वास घ्या."

मग हेडफोनवाला एक मुलगा. मग, देवाशपथ, सिक्युरिटीवाला, ज्याचं काम असले प्रकार थांबवणं हे आहे. मुलगा म्हणाला, "काका, मला तर काहीच वास नाही येत."

"तेच!" काकांचा चेहरा उजळला. "काहीच न येणं, हाच सोयाचा वास."

यावर कुणी काय बोलणार? रांग मान डोलवत होती. माझ्या पैशांच्या बाटलीवर तिथे एक समिती बसली होती आणि समितीत मीच नव्हते. काकांनी झाकण लावलं, बाटली मला परत केली आणि आवाज खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "घाण्याचं शेंगदाणा तेल घ्या ताई. आणि तोंडाला वगैरे काही लावू नका. या वयात काय फरक पडणार आहे?"

या वयात! हाफ पँट घातलेला पंचाहत्तर वर्षांचा माणूस मला म्हणतो, या वयात! आणि मी कोपर म्हटलं होतं, तोंड नाही. खरं तर तेही मी कुणाला म्हटलं नव्हतं. एरवी मी चोख उत्तर देते, पण ते सुचायला मला साधारण रिक्षा मिळेपर्यंतचा वेळ लागतो. तोवर काका "माझ्या दोनच वस्तू आहेत" म्हणत माझ्या पुढे सरकले, बिल केलं, मनगट हाफ पँटला पुसलं आणि गेले.

मग सुपरवायझर आला. त्याने झाकण फिरवून पाहिलं.

"सील तुटलंय मॅडम. घ्यावं लागेल."

"मी नाही तोडलं."

"तुमच्या ट्रॉलीतलं आहे ना?"

घेतलं. हजाराच्या वर गेले, पाव लिटरला. आणि 'खायचं' म्हणून लावलं बिल. लावायच्या तेलावरची सूट म्हणे आदल्या दिवशीच संपली होती.

आमच्या लहानपणी तेलाचा विषय एवढा वाढत नसे. कपाटाखाली 'पोस्टमन' शेंगदाणा तेलाचा डबा असायचा. खाऱ्या शंकरपाळ्यांना तेच, दाराच्या बिजागरीलाही तेच. गंमत म्हणजे अ‍ॅव्होकाडोची जगभर सगळ्यात जास्त खपणारी हास ही जात लावली तीही एका पोस्टमननेच. रुडॉल्फ हास, कॅलिफोर्निया. १९३५ मध्ये त्याने त्या झाडाचं पेटंट घेतलं. हे मी नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, मग शेंगदाण्याचंच आणायचं होतंस.

रात्री मी रागारागाने वाचत बसले. रिफाइंड तेलाचा मूळ वास प्रक्रियेतच काढून टाकतात, तेव्हा त्याला वास न येणं हे त्याचं कामच आहे. वास न येणारं ते तेल सोयाचं की अ‍ॅव्होकाडोचं, हे नाकाला कळत नाही. त्यातली फॅटी अ‍ॅसिडं वगैरे यंत्रावर वेगळी काढून मोजावी लागतात. म्हणजे काकांनी चक्क थाप मारली होती. एवढ्यावर थांबले असते तर सुखाने झोपले असते. पण पुढे दिसलं की अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०२० मध्ये अ‍ॅव्होकाडो तेलाचे २२ नमुने तपासले आणि त्यातले ८२ टक्के एकतर मुदतीआधीच खवट झालेले निघाले नाहीतर भेसळीचे. तीन नमुने तर जवळजवळ पूर्ण दुसऱ्याच तेलाचे होते.

कुठल्या, ते ओळखा.

माणूस थापाड्या निघाला याचं दुःख नाही, पण तो बरोबरही असू शकतो, हे फार वाईट. आणि माझ्या बाटलीत काय आहे हे मला कोण सांगणार? लेबलावर परवाना क्रमांक आहे, पत्ता आहे, फळाचं हिरवंगार चित्र आहे. चित्रावर विश्वास ठेवून चौपट पैसे मोजायचे आणि खात्री करायची तर रांगेत कुणाचं तरी नाक शोधायचं. श्रीमंतांचं तेल घेतलं तरी ग्राहक म्हणून आपली पत सुट्टं गोडेतेल घेणाऱ्याइतकीच.

फोडणी घातली म्हणाल तर मोहरी तडतडली. नेहमीइतकीच. वरणाला वेगळी चव आली नाही, कुणी काही विचारलं नाही. कोपरांना अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावायचं असतं, कारण तेल पाणी आणत नाही, आहे ते धरून ठेवतं. ते मात्र बरं वाटलं, कोपर मऊ झाले. पण आता लेक सांगते की त्वचेसाठी रिफाइंड नव्हे, कोल्ड-प्रेस्ड लागतं, हिरवट, गवतासारख्या वासाचं. आणि चेहऱ्याला लावण्याआधी हाताच्या आतल्या बाजूला एक दिवस लावून बघायचं, काहींना पुटकुळ्या येतात. म्हणजे बाटल्या दोन. काउंटरवरच्या त्या मुलीचा प्रश्न बरोबर होता आणि "किती सोपं"वाली आमच्याच घरात बसलेली होती. तिने त्या कोल्ड-प्रेस्डची लिंक मला पाठवली आहे. पैसे पाठवलेले नाहीत.

आज सकाळी दुकानाच्या ग्राहक सेवेला फोन केला. बाई फार गोड बोलल्या. सीसीटीव्ही तपासून परत फोन करते म्हणाल्या, आणि आश्चर्य म्हणजे केला.

"मॅडम, फुटेजमध्ये सर बराच वेळ तुमच्याशीच बोलताना दिसतायत. फॅमिली मेंबरने सील तोडलं असेल तर रिफंड होत नाही."

"अहो, ते माझे कुणी नाहीत! बघा ना, त्यांनी बिल वेगळं केलंय. माझ्या आधी!"

"हो मॅडम," त्या म्हणाल्या, "ते आमच्या स्टाफने सांगितलं. वडीलधारे होते, म्हणून तुम्ही त्यांना पुढे जाऊ दिलंत."